गुणदान : प्रयत्न व प्रभुत्व

विद्यार्थ्याने एखाद्या विषयात मिळविलेले प्रभुत्व व त्यासाठी केलेले प्रयत्न यांपैकी कशाला गुण द्यावेत, हा शैक्षणिक मूल्यमापनातील एक मूलभूत प्रश्न आहे. प्रभुत्वाधिष्ठित गुणदानात विद्यार्थ्याला काय येते एवढेच निश्चित निकषांवर पाहिले जाते. प्रयत्नाधिष्ठित गुणदानात गृहपाठ, वर्गातील सहभाग व पूर्वस्थितीच्या मानाने झालेली प्रगती यांनाही मोल असते [⟶ परीक्षा].

महाराष्ट्रात हा प्रश्न दहावीच्या शालान्त परीक्षेच्या निमित्ताने ठळकपणे पुढे आला. भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळांनी द्यावयाचे २० अंतर्गत गुण मार्च २०१९ च्या परीक्षेत नव्हते. राज्याचा निकाल २०१८ मधील ८९·४१ टक्क्यांवरून ७७·१० टक्क्यांवर आला. अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाल्यावर २०२० मध्ये तो ९५·३० टक्के लागला. अर्थात २०१९ मध्ये अभ्यासक्रमही नवा होता आणि २०२० मध्ये करोना साथीमुळे भूगोलाची परीक्षा न होता सरासरीने गुण देण्यात आले. त्यामुळे हा सर्व फरक अंतर्गत गुणांचाच मानता येत नाही.

अंतर्गत २० गुण पूर्ण मिळाल्यास लेखी परीक्षेच्या ८० पैकी १५ गुणांनीही ३५ गुणांची सीमा गाठता येते. अशा वेळी उत्तीर्ण विद्यार्थ्याला विषय कितपत येतो, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही व त्याची उणीव पुढील वर्गात उघडी पडते. याउलट केवळ लेखी परीक्षेवर विसंबल्यास विषम परिस्थितीची दखल घेतली जात नाही. मुळशी तालुक्यातील पिरंगुटसारख्या औद्योगिक गावात आणि पुणे शहरात प्रश्नपत्रिका एकच असते. अभ्यासाला मिळणारा वेळ, जागा व घरचे साहाय्य मात्र सारखे नसते. प्रयत्नांचे मापनही निर्दोष नाही. घरकाम आटोपून रात्री अभ्यास करणाऱ्या मुलीचे कष्ट शिक्षकाच्या नजरेस पडतीलच असे नाही, आणि नीटनेटकी वही हा परिश्रमाचा पुरावा ठरत नाही.

पहिली ते आठवीसाठी महाराष्ट्रात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यात आकारिक व संकलित गुणांची बेरीज करून श्रेणी देण्यात येते. तथापि विद्यार्थ्याच्या वर्णनात्मक नोंदी स्वतंत्र ठेवण्याचीही तरतूद आहे. न्यायाच्या दृष्टीने हीच तरतूद अधिक महत्त्वाची होय. प्रभुत्वाची नोंद विद्यार्थ्याला काय येते ते सांगते, तर प्रयत्नांची नोंद त्याला कोणते साहाय्य हवे ते सुचविते. दोन्ही एकाच अंकात मिसळल्यास दोन्ही अस्पष्ट होतात व कष्टाळू परंतु मागे पडलेल्या विद्यार्थ्याचीच सर्वाधिक हानी होते.