रक्तदाब, गवती चहा आणि महाडचा विंचू

गवती चहाची पात चुरगाळली की बोटांना जो वास लागतो, तो सिट्रल या द्रव्याचा. ओव्यात थायमॉल असतं, लवंगेत युजेनॉल. महाड-पोलादपूरकडे यांतलं काही ना काही परसात किंवा फडताळात असतंच. ‘याने बीपी उतरतं’ असं घरोघरी सांगतात आणि आता मोबाइलवरही तेच फिरतं. त्यात तथ्य आहे. ते कुठवर आहे, हे मात्र नीट पाहायला हवं.

रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरलं की ते आकसतात. प्रयोगशाळेत उंदराच्या महाधमनीचा तुकडा द्रावणात टांगून आकसवला आणि त्यात युजेनॉल, सिट्रल किंवा लिनालूलसारखं सुगंधी द्रव्य घातलं, तर तो सैल पडतो. कॅल्शियमची वाट अडते, हे त्याचं एक मोठं कारण. ब्राझीलमधल्या संशोधकांनी काही सुगंधी तेलं जिवंत उंदरांच्या शिरेत टोचली. क्षणात दाब उतरला, ठोके मंदावले. व्हेगस मज्जातंतू कापल्यावर हा झटपट परिणाम नाहीसा झाला. म्हणजे तो मज्जातंतूंच्या मार्गाने घडत होता. हे संशोधन मला मोलाचं वाटतं. पण कपभर चहात तेल उतरतं थेंबाच्याही अंशाइतकं, आणि त्यातलं बरंचसं यकृतात मोडून जातं. शिरेत टोचलेल्या तेलाचा निष्कर्ष त्या कपाला लावता येत नाही.

प्रयोगशाळेपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचं हे अंतर कसं कापायचं, ते आपल्याच लोकांनी करून दाखवलं आहे. सर्पगंधेचं मूळ देशात पूर्वापार वापरात होतं. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ते रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन नोंदी ठेवल्या आणि 1949मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केल्या. 1952मध्ये त्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेलं, वाहिन्या आकसवणारं नॉरअॅड्रेनलिन ते संपवतं, म्हणून दाब उतरतो. काही रुग्णांना त्याने खोल उदासी येते, हेही अशा नोंदींतूनच कळलं.

हेच नॉरअॅड्रेनलिन महाड तालुक्यात माणसं मारत होतं. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, त्यांच्यासमोर दगावत. विषाने मज्जातंतूंचे सोडियमचे मार्ग उघडेच राहतात आणि अॅड्रेनलिन-नॉरअॅड्रेनलिनचा लोंढा सुटतो. उलट्या, दरदरून घाम, हातपाय थंडगार, दाब चढलेला. मग थकलेल्या हृदयाला रक्त पुढे ढकलवत नाही आणि फुप्फुसात पाणी भरतं. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून ही लक्षणं क्रमाने लिहीत गेले. 1982मध्ये ती निरीक्षणं ‘लॅन्सेट’ने छापली.

आकसलेल्या वाहिन्या सैल करायच्या, तर नॉरअॅड्रेनलिन ज्यांवर काम करतं त्या अल्फा-ग्राहकांना अडवणारं औषध हवं. रक्तदाबासाठी वापरात असलेली प्राझोसिनची स्वस्त गोळी नेमकी तेच करते. प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, मुलाला पाव. हातपाय ऊब धरेपर्यंत दर तीन तासांनी, रुग्णाला आडवं ठेवून, कारण उठून बसला तर दाब एकदम कोसळू शकतो. 1986मध्ये बावस्करांचा हा उपचारही ‘लॅन्सेट’मध्ये आला. गंभीर रुग्णांतला मृत्यूचा आकडा शंभरात पंचवीस-तीसवरून एकाच्या आसपास उतरला. पुढे त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडलाच 70 रुग्णांची तुलनात्मक चाचणी केली, ती 2011मध्ये प्रसिद्ध झाली: निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना जोडीला विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. प्रतिविष मिळालेले लवकर सावरले.

प्राझोसिन कारखान्यातलं, सर्पगंधा रानातली. दोन्हींना औषधाचा मान मिळाला तो मात्रा ठरल्यामुळे आणि अपाय लपवले न गेल्यामुळे. सुगंधी तेलांचं अजून तसं झालेलं नाही. म्हणून जेवणातला ओवा, संध्याकाळचा गवती चहा खुशाल घ्यावा. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यासाठी बंद करू नये. तेलाच्या बाटलीतले थेंब पोटात घेणं वेगळं आणि धोक्याचं. कापूर किंवा निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. विंचू चावल्यावर पाला चोळत बसण्यात वेळ दवडू नये, तडक दवाखाना गाठावा.

गवती चहाची परीक्षा याच तालुक्यांत होऊ शकते, आणि ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. रक्तदाब थोडासाच वाढलेली माणसं घ्यावीत, निम्म्यांना ठरल्या मापाचा काढा द्यावा, निम्म्यांना त्याच चवीचं पण तेल काढलेलं पाणी. कोणाला काय मिळतंय हे दाब मोजणाऱ्यालाही ठाऊक नसावं. बीपीचं यंत्र आणि नोंदवही प्रत्येक आरोग्य केंद्रात आहेच.