ट्रायपॉडचं डोकं: हलकं, पण किती?

ट्रायपॉडचे पाय आपण पारखून घेतो आणि वरचं हेड मात्र सोबत आलं तेच चालवतो. आज त्या हेडबद्दल बोलू, आणि तेही हलक्या हेडबद्दल. पाठीवर ओझं नको म्हणून ते घ्यायचं, पण पहाटे उठून काढलेला फोटो हलला तर वाचवलेल्या ग्रॅमांचा उपयोग काय?

आपल्या शॉमबर्गभोवतीचा मुलूख सपाट. स्प्रिंग व्हॅलीचं गवताळ माळरान घ्या किंवा बसी वुड्सचं तळं, चित्रात एक आडवी रेघ येतेच. सह्याद्रीत क्षितिज मुळातच वेडंवाकडं, त्यामुळे कॅमेरा जरा कलला तरी खपून जातो. इथे पाणी एक अंश कललं की तळं सांडतंय असं वाटतं. म्हणून इथे हेडनं कॅमेरा नेमका धरून ठेवायला हवा.

तीन मुठींचं पॅन-टिल्ट हेड या कामाला उत्तम, कारण प्रत्येक दिशा वेगळी आवळता येते. पण ते जड, आणि मुठी पिशवीत टोचतात. दात्यांचं गिअर्ड हेड आणखी नेमकं, पण सहसा आणखी जड. चालत जायचं असेल तर तीनशे-चारशे ग्रॅमचं बॉल हेडच बरं.

आता खोक्यावरचा आकडा. 'दहा किलो पेलतं', 'पंधरा किलो पेलतं' असं लिहिलेलं असतं, पण ते मोजायची सगळ्या कंपन्यांची मिळून एक पद्धत नाही. त्यापेक्षा गोळ्याचा व्यास बघा. जात्याचा खुंटा मधोमध नसतो, कडेला असतो. कडेवरून जोर जास्त लागू पडतो. गोळ्याला धरून ठेवणारं घर्षणही तसंच. आवळलं सारखंच, पण गोळा मोठा, तर पकड जास्त. झूम लेन्स वापरणाऱ्यानं तीस मिलिमीटरच्या खाली जाऊ नये असं माझं मत. वजन वाचवायचं तर दुसरीकडे वाचवा.

पॅनोरमा काढणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर बघावी. बहुतेक बॉल हेडमध्ये फिरणारी चकती गोळ्याच्या खाली असते. पाय कललेले असले की ती कललेलीच फिरते आणि क्षितिज हळूहळू उतरत जातं. चकती गोळ्याच्या वर, क्लॅम्पजवळ असेल तर आधी गोळ्यानं कॅमेरा समपातळीत आणायचा आणि मग निवांत फिरवायचं. थोडं वजन वाढतं, पण आपल्या माळरानाला ते शोभतं.

उभा फोटो काढताना कॅमेरा हेडच्या खाचेत आडवा पाडला, की सगळा भार एका बाजूला लोंबतो. छोट्या हेडला हे झेपत नाही. त्याऐवजी एल आकाराची पट्टी लावा, म्हणजे कॅमेरा पायांच्या मधोमध राहतो. पट्टी आणि क्लॅम्प दोन्ही आर्का-स्विस पद्धतीचे घ्या. पट्ट्यांच्या रुंदीत किंचित फरक असतो, त्यामुळे खटक्याच्या क्लॅम्पपेक्षा फिरकीचा क्लॅम्प जास्त पट्ट्यांना चालतो. पायांवरचा स्क्रू ३/८ इंची आहे की १/४, तेही आधी बघून ठेवा.

दुकानात जाताना आपली सगळ्यात जड लेन्स आणि जानेवारीतले जाड हातमोजे घेऊन जा. हो, जुलै असला तरी! मोजे घालून मूठ आवळा, स्क्रीनवर लांबची एखादी पाटी मोठी करून बघा आणि हात सोडा. पाटी जागची सरकली, तर ते हेड तिथेच ठेवून या.