अँजिओप्लास्टीनंतर व्यायाम किती करावा?

अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या रुग्णाला घरचे पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. काळजीपोटीच! पण स्टेंटने अडलेली रक्तवाहिनी मोकळी होते. गेलेली ताकद परत येते ती हळूहळू वाढवलेल्या व्यायामाने. हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिली की गोळीप्रमाणे व्यायामाचीही मात्रा ठरवून देणे, हे फिजिओथेरपिस्टचे काम.

त्यासाठी ते बहुधा तुम्हाला ६ मिनिटे चालायला लावतात, अंतर मोजतात. आधी आणि नंतर नाडी, रक्तदाब तपासतात. त्यावरून वेग आणि वेळ ठरते. शेजाऱ्यांना मानवलेला व्यायाम म्हणूनच तुमच्यासाठी नसतो.

मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर फार विसंबू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर दम लागला तरी ठोके फारसे वाढत नाहीत. त्यापेक्षा चालताना बोलून पाहा. पूर्ण वाक्य सहज बोलता आले तर वेग योग्य. शब्दाशब्दाला थांबावे लागले तर कमी करा.

छातीत दाब, चक्कर किंवा थंड घाम आल्यास लगेच थांबून बसा. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती खिशात ठेवूनच बाहेर पडा. ५ मिनिटांत बरे वाटले नाही तर १०८ क्रमांकावर फोन करा.