गुहेतील पहिले पाऊल

खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. मेघालयातील चुनखडीचे डोंगर युगानुयुगे पावसाच्या पाण्याने विरघळत गेले आणि अशा असंख्य गुहा घडल्या. त्यांपैकी ‘क्रेम लियात प्राह’ ३० किलोमीटरहून अधिक लांब आहे. कार्यालयातील सहकाऱ्यांसोबत अशा गुहेत प्रथमच उतरणाऱ्याने काही नियम आधीच जाणून घ्यावेत.

जाणकार वाटाड्या हवाच. प्रत्येकाजवळ शिरस्त्राण आणि तीन स्वतंत्र दिवे असावेत. चमूत किमान चौघे असावेत. एक जायबंदी झाल्यास दुसरा त्याच्यापाशी थांबतो व उरलेले दोघे मदत आणतात. लवणस्तंभांना हात लावू नये. हाताच्या तेलकटपणाने त्यांची वाढ खुंटते. झोपलेल्या वटवाघळांवर प्रकाशझोत टाकून त्यांना पीडा देऊ नये.

पावसाळ्यात मात्र गुहा वर्ज्यच. २३ जून २०१८ रोजी थायलंडमधील थाम लुआंग गुहेत १२ मुले व त्यांचा प्रशिक्षक पुरामुळे अडकले. १० जुलैपर्यंत सर्वांची सुटका झाली. पण त्या प्रयत्नांत नौदलाच्या एका माजी पाणबुड्याने प्राण गमावले.

सहकाऱ्यांच्या सफरीत आणखी एक धोका संभवतो, तो संकोचाचा. वरिष्ठांसमोर ‘मला भीती वाटते’ असे म्हणणे नवख्याला जड जाते. म्हणूनच पदप्रतिष्ठा गुहेच्या तोंडाशीच उतरवून ठेवावी. सर्वांत संथ चालणाऱ्याची गती हीच आत सर्वांची गती असते, आणि ‘येथूनच परत फिरू या’ असे म्हणण्याचा अधिकार नवख्यालाही तितकाच असतो.