झारचा पुतळा आणि फिनलंडची घरे

मंडळी, परक्यांचे राज्य गेले की नवा देश प्रथम काय करतो? रस्त्यांची नावे बदलतो, जुन्या राज्यकर्त्यांचे पुतळे चौकातून उचलतो आणि एखाद्या मागल्या आवारात नेऊन ठेवतो. यात वावगे काही नाही. पण युरोपच्या उत्तर टोकाला असा एक देश आहे, की ज्याने आपल्या राजधानीच्या मुख्य चौकात परक्या सम्राटाचा पुतळा जिथल्या तिथे ठेवला आहे. देश फिनलंड, शहर हेलसिंकी आणि पुतळा रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याचा. फिनलंड रशियापासून स्वतंत्र झाला तो ६ डिसेंबर १९१७ रोजी. पुतळा हलवावा अशी मागणी पुढे झालीही. तरी तो तिथेच राहिला. हे असं का झालं, ते समजायला आधी तो चौक समजून घ्यायला हवा.

फिनलंड आकाराने आपल्या महाराष्ट्राहून थोडा मोठा, पण सगळी वस्ती मिळून छप्पन लाखांच्या आसपास. बाकी अरण्य आणि तळी. पश्चिमेला स्वीडन, पूर्वेला रशिया, आणि मध्ये हा देश जात्यात सापडलेल्या दाण्यासारखा. सुमारे सहाशे वर्षे त्यावर स्वीडनचे राज्य होते. कचेरीची भाषा स्वीडिश, शाळेची स्वीडिश. फिनिश बोलायची ती शेतावर आणि चुलीपाशी. १८०८-०९ च्या युद्धात स्वीडन हरला आणि देश रशियाच्या हाती गेला. झार पहिला अलेक्झांडर धूर्त होता. तुमचा धर्म, तुमचे कायदे तसेच राहतील, असे वचन त्याने १८०९ साली पोर्व्हो या गावी भरलेल्या सभेत दिले. देशाचा कारभार देशातल्याच लोकांच्या सेनेटकडे सोपवला. पण एक गोष्ट मात्र त्याने बदलली. जुनी राजधानी तुर्कू ही स्वीडनकडे तोंड करून बसलेली. १८१२ साली ती मोडून त्याने हेलसिंकीला आणली. हे ठिकाण पीटर्सबर्गला जवळचे, आणि समोरच्या बेटांवर स्वीडिश राजवटीने १७४८ पासून बांधलेला भक्कम किल्ला आयता मिळालेला.

त्या वेळचे हेलसिंकी म्हणजे चारेक हजार वस्तीचे लाकडी घरांचे गाव. त्यातलेही बरेचसे १८०८ च्या आगीत जळून गेलेले. तिथे राजधानी वसवायची! नगररचनेचा आराखडा केला एरेनस्ट्रोम याने. हा गृहस्थ मूळचा हेलसिंकीचाच. स्वीडनमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून वधस्तंभापर्यंत गेला आणि ऐन वेळी माफी मिळून परत आला. इमारती उठवल्या त्या कार्ल लुडविग एंगेल याने. हा बर्लिनचा जर्मन, १८१६ साली हेलसिंकीत आला आणि १८४० साली तिथेच वारला. चौकाच्या एका बाजूला सेनेटची इमारत, समोर विद्यापीठ, उत्तरेला उंच जोत्यावर पांढरेशुभ्र चर्च. विटांच्या भिंती, वर गिलावा, पिवळा रंग आणि पांढरे गोल खांब. खांब ग्रीक-रोमन धाटणीचे, थाट पीटर्सबर्गचा. साम्य इतके, की पुढे १९८१ साली 'रेड्स' या अमेरिकन चित्रपटासाठी पीटर्सबर्गची दृश्ये हेलसिंकीत घेतली गेली आणि प्रेक्षकांना ती खटकली नाहीत.

चर्चला नाव दिले ते झार पहिला निकोलस याच्या नामसंतांचे. ते १८५२ साली पुरे झाले. त्यासाठी स्वीडिश काळातले जुने चर्च १८२७ सालीच पाडून टाकले होते. विद्यापीठालाही झारचे नाव. तेव्हा उघडच आहे, की हा चौक म्हणजे सम्राटाने दगड-विटांत लिहिलेले फर्मान होते. शेतकरी गाडी घेऊन बाजाराला आला, की राज्य कोणाचे हे त्याला न वाचता कळावे!

आणि हे राजधानीपुरतेच नव्हते बरं का. सरकारी इमारतींचे नि चर्चचे नकाशे तपासणारी एक मध्यवर्ती कचेरी होती. १८२४ पासून एंगेलच तिचा प्रमुख. कुठल्या तरी आडगावच्या लाकडी चर्चचा नकाशासुद्धा त्या कचेरीतून जायचा. मग गावचा सुतार ओंडके तासून, एकात एक गुंतवून चर्च उभारी. पण घुमट आणि खांब राजधानीच्या वळणाचे. हात गावचा आणि नमुना दरबाराचा.

आता खेड्यातल्या घराकडे वळू. फिनलंडचे चित्र काढा म्हटले, तर तिथले पोर तळ्याकाठी एक लाल घर काढील, पांढऱ्या चौकटींचे. हीच आमची ओळख, असे तिथला माणूस मानतो. तो लाल रंग मूळचा कुठला? स्वीडनमधल्या फालुन गावच्या तांब्याच्या खाणीचा! खाणीतल्या टाकाऊ मातीत लोहाचा अंश असतो, तिची ही तांबडी पूड. राय नावाच्या धान्याचे पीठ पाण्यात शिजवून खळ करायची, त्यात ही तांबडी माती आणि हिराकस घालून ढवळायचे आणि कोरड्या, न रंधलेल्या लाकडाला फासायचे. रंग स्वस्त, टिकाऊ, आणि लाकडाला श्वास घेऊ देणारा. आधी तो स्वीडनच्या श्रीमंतांच्या वाड्यांना लागला, मग शेतकऱ्यांच्या घरांवर उतरला. परक्याची वस्तू तीन-चार पिढ्या घरात वापरली, की ती परकी उरत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चक्र फिरले. १८३५ साली एलियास लोनरोट या डॉक्टरने खेडोपाडी फिरून गोळा केलेल्या लोकगीतांतून 'कालेवाला' हे महाकाव्य सिद्ध केले. शेतावरची भाषा काव्याची भाषा झाली. पुढे दुसरा अलेक्झांडर गादीवर आला. त्याच्या काळात, १८६० साली देशाला स्वतःचे मार्क हे नाणे मिळाले. १८६३ साली किती तरी वर्षांनी लोकप्रतिनिधींची सभा भरली आणि फिनिश भाषेला सरकारदरबारी स्थान देण्याचा हुकूम निघाला. यात झारचाही स्वार्थ होता: फिनिश वाढली तर स्वीडनशी असलेले धागे आपोआप तुटणार होते. पण लोकांना हवे ते मिळाले हेही खरेच. म्हणून १८९४ साली त्याचा पुतळा सेनेट चौकात उभा राहिला. वॉल्टर रुनेबर्ग या शिल्पकाराने सभेत भाषण करणारा झार दाखवला आहे, आणि पायथ्याशी चार बाजूंना कायदा, शांती, प्रकाश नि श्रम यांच्या मूर्ती. कायद्याच्या मूर्तीजवळ सिंह आहे, फिनलंडचे राजचिन्ह.

पाचच वर्षांनी नातू दुसरा निकोलस याने आजोबांच्या वचनाला हरताळ फासला. १५ फेब्रुवारी १८९९ रोजी जाहीरनामा निघाला, की महत्त्वाचे कायदे यापुढे पीटर्सबर्गहून होतील. देश हादरला. ऐन बर्फात माणसे स्की नावाच्या लांब फळ्या पायाला बांधून वाडीवाडीवर गेली आणि अवघ्या दोनेक आठवड्यांत पाच लाख वीस हजारांवर सह्या गोळा करून आणल्या. तेव्हा देशाची लोकसंख्या सव्वीस लाखांच्या आसपास होती, हे ध्यानात घ्या. पाचशे जणांचे शिष्टमंडळ त्या सह्या घेऊन पीटर्सबर्गला गेले. झारने भेट नाकारली.

मग लोकांनी काय करावे? उघड सभा घेतली तर पोलीस. तेव्हा त्या मार्च महिन्यात, दुसऱ्या अलेक्झांडरच्या पुण्यतिथीच्या सुमारास, माणसे सेनेट चौकात येऊ लागली आणि त्याच्या पुतळ्यापाशी फुले ठेवू लागली. फुलांचा ढीग झाला. त्यातही कायद्याच्या मूर्तीपाशी अधिक. आता झारच्या पुतळ्याला फुले वाहणाऱ्याला झारचा शिपाई कोणत्या कलमाखाली पकडणार? सम्राटाने आपल्या दिमाखासाठी बांधलेला चौक त्या दिवसांत रयतेने न बोलता आपला करून घेतला. माझ्या मते पुतळा आजवर टिकला तो झारच्या पुण्याईने नाही, या फुलांच्या जोरावर टिकला. पुढे १९०४ साली गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह याच्यावर एका फिनिश तरुणाने गोळ्या झाडल्या, त्याही याच चौकातल्या सेनेटच्या इमारतीत.

याच सुमाराला तरुण वास्तुशिल्पज्ञांनी गिलाव्याचे खांब टाकून दिले. आपल्या भूमीचा दगड वापरू, म्हणाले. ग्रॅनाइट आणि शंखजिऱ्याचा मऊ दगड. फिनलंडचा ग्रॅनाइट तोवर वापरात नव्हता असे नाही. पीटर्सबर्गच्या राजवाड्यासमोर १८३४ साली उभारलेला सुमारे सहाशे टनांचा एकसंध स्तंभ विरोलाहती भागातल्या खाणीतून नेलेला आहे. इथला दगड राजधानीची शोभा वाढवायला जाई आणि इथल्या घरांना गिलावा उरे. गेसेलियस, लिंडग्रेन आणि सारिनेन या तिघांनी हेलसिंकीत १९०१ साली पुरी केलेली विमा कंपनीची इमारत पाहा: ओबडधोबड दगड, दारावर अस्वले आणि लोककथांतली भुते. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात याच तिघांनी फिनलंडचे स्वतंत्र दालन उभारले. राज्य रशियाचे, पण दालन वेगळे! आत छतावर गालेन-कालेला याने 'कालेवाला'तले प्रसंग रंगवले. त्यात एक नांगरणीचा आहे: इल्मारिनेन लोहार सापांनी भरलेले शेत नांगरतो आहे. साप कोण, हे फिनिश शेतकऱ्याला सांगावे लागले नाही. ते दालन प्रदर्शनानंतर पाडले; चित्रे त्याने १९२८ साली हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पुन्हा काढली.

आता गंमत बघा. हे 'अस्सल स्वदेशी' तरी किती स्वदेशी होते? राष्ट्रीय संग्रहालयाचा मनोरा आणि भिंती ज्या जुन्या चर्चवरून नि किल्ल्यांवरून घेतल्या, ते स्वीडिश अमलातले. 'कालेवाला'ची पुष्कळ गीते मिळाली ती रशियाच्या हद्दीतल्या कॅरेलियात. दगडकामाचे धडे घेतले अमेरिकेकडे आणि स्कॉटलंडकडे पाहून. या चळवळीतल्या कित्येकांच्या घरी स्वीडिश बोलत. शिक्षकमित्रांनी मुलांना हे अवश्य सांगावे; मात्र त्यावरून ती चळवळ खोटी होती असे सांगू नये. काय कुठून आणले यापेक्षा ते का आणि केव्हा हाती धरले, यात माणसांचे मन दिसते.

रेल्वेचे पाहा. पहिला मार्ग १८६२ साली सुरू झाला, रुळांतले अंतर रशियन मापाने पाच फूट. आजही तेच आहे. शेजारच्या स्वीडनचे रूळ त्याला जुळत नाहीत. हेलसिंकीचे दिवे हाती धरलेल्या चार दगडी पुरुषांचे स्थानक सारिनेनचे. त्यात झारसाठी एक खास दालन केले होते. स्थानक रीतसर खुले झाले १९१९ साली, तेव्हा झार उरला नव्हता. ते दालन आता राष्ट्राध्यक्षांकडे आहे.

निकोलसच्या चर्चचे नाव गेले, विद्यापीठाचेही गेले, इमारती राहिल्या. समुद्रकाठच्या बाजारातला, झारच्या राणीच्या स्मारकस्तंभावरचा दोन डोक्यांचा गरुड १९१७ साली खाली ओढला गेला, तोही रशियाच्याच क्रांतिकारी खलाशांकडून, आणि फिन लोकांनी तो १९७१ साली परत वर बसवला. समोरच्या बेटांवरच्या किल्ल्यात मात्र वेगळे घडले. तिथे रशियन शिबंदीसाठी १८५४ साली कांद्याच्या आकाराच्या घुमटांचे चर्च बांधले होते. स्वातंत्र्यानंतर ते फिन लोकांच्या लुथरपंथी चर्चकडे गेले, घुमट उतरवले, मनोरा साधा केला आणि वर दीपगृहाचा दिवा बसवला. रात्री बंदरात येणाऱ्या जहाजांना तो चार वेळा लुकलुकून दिसतो. तारेच्या भाषेत त्या चार लुकलुकींचा अर्थ 'ह' असा होतो, हेलसिंकीतला 'ह'.