शाळेचे दार उघडले, पुढे काय?

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात फार्मविल गावी काळ्या मुलांसाठी वेगळे हायस्कूल होते. इमारत १८० विद्यार्थ्यांपुरती, मुले साडेचारशेच्या वर. व्यायामशाळा नाही, जेवणाची खोली नाही. जागा पुरेना म्हणून डांबरी कागदाच्या शेड उभ्या केल्या होत्या. एप्रिल १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने शाळेत संप घडवून आणला. मागणी आधी फक्त चांगल्या इमारतीची होती. पुढे वकिलांच्या सल्ल्याने पालकांनी वेगळेपणालाच आव्हान दिले.

हा दावा इतर चार दाव्यांसह सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १७ मे १९५४ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणे हीच विषमता आहे. हाच तो प्रसिद्ध 'ब्राऊन' खटला.

निकाल लागला, पण मने बदलली नाहीत. फार्मविलच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांपैकी काही नातेवाइकांकडे परगावी गेली, अनेकांचे शिक्षण सुटले. १९६४ मध्ये शाळा पुन्हा उघडल्या. दक्षिणेत इतरत्र शाळा एकत्र करताना हजारो काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात शहर व उपनगरांच्या शाळा एकत्र करण्याची योजना न्यायालयाने नाकारली. आज कायद्याची भिंत नाही. पण वस्त्या वेगळ्या, म्हणून शाळाही बऱ्याच ठिकाणी वेगळ्या.

आपल्यासाठी यात काय आहे? उर्दू शाळा आपण स्वखुशीने निवडतो. ती कोणी लादलेली नाही, हा फरक मोठा आहे. पण तिथली गळकी खोली, रिकामी शिक्षकाची जागा आपण मुकाट्याने चालवून घेतली, तर मुलाच्या वाट्याला तेच येते जे फार्मविलच्या मुलांना मिळत होते. आणि मूल मराठी शाळेत जात असेल, तर प्रवेश मिळाला म्हणून निश्चिंत होऊ नका. त्याच्या शेजारी कोण बसते, डबा कोणाबरोबर खाल्ला जातो, हेही विचारा.

इल्म हासिल करणे आपल्यावर फर्ज आहे; त्यासाठी चांगली शाळा मागणे हा त्याचाच भाग. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. माताभगिनींनो, पुढच्या सभेला जरूर जा. फार्मविलमध्ये एक शाळकरी मुलगी बोलली, म्हणून गोष्ट न्यायालयापर्यंत गेली.