टोमॅटोची आवक

भारतीय स्वयंपाकघरात टोमॅटो आता इतका रुळला आहे की, तो मूळचा येथला नव्हे हे मुद्दाम सांगावे लागते. दक्षिण अमेरिकेतील हे झाड पोर्तुगीजांच्या गलबतांतून भारताच्या किनाऱ्यावर उतरले असे मानतात. बंगालमध्ये त्याला ‘बिलाती बेगुन’ म्हणजे विलायती वांगे म्हणत. मराठीतही ‘बेलवांगी’ हे त्याचे जुने नाव आहे. नावे ठेवणारांची नजर अचूक होती, कारण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी टोमॅटो व वांगे ही एकाच कुळातली. तथापि पुष्कळ काळपर्यंत हे फळ प्रामुख्याने साहेबाच्या टेबलापुरतेच राहिले. आंबटपणाची सोय प्रत्येक प्रांताने आधीच करून ठेवलेली होती : कोकणात आमसूल, देशावर चिंच, उत्तरेत आमचूर. हे सारे जिन्नस वर्षाचे भरून ठेवण्याजोगे होते. त्यांची जागा बऱ्याच अंशी टोमॅटोने घेतली आणि बरणीत वर्षभर राहणाऱ्या वस्तूऐवजी टोपलीत आठवडाभरही धड न टिकणारी वस्तू रोजच्या गरजेची होऊन बसली. आजचा पुरवठ्याचा प्रश्न या बदलापासून सुरू होतो.

उत्पादनाचे आकडे पाहिले तर तक्रारीला जागा नाही असेच प्रथमदर्शनी वाटेल. १९९१-९२ साली देशात सुमारे २.८९ लाख हेक्टरांवर टोमॅटोची लागवड होती व उत्पादन ४२ लाख टनांच्या आसपास होते. २००१-०२ साली ते ७५ लाख टनांजवळ आले, तर २०११-१२ साली ९ लाख हेक्टरांतून १८७ लाख टन टोमॅटो निघाला. २०२३-२४ मध्ये हा आकडा २१३ लाख टनांवर गेला. चीनच्या खालोखाल भारताचा क्रम लागतो. दरडोई हिशेब मांडला, तर १९९१ च्या सुमारास माणसामागे वर्षाला पाच किलो पडणारा टोमॅटो आता पंधरा किलोंच्या घरात गेला आहे.

मात्र या वाढीचे दोन टप्पे वेगळे पाहिले पाहिजेत. पहिल्या वीस वर्षांत मुख्यतः क्षेत्र वाढले. ते तिपटीहून अधिक झाले. त्यानंतर क्षेत्राची वाढ थांबली आणि जी काही भर पडली ती हेक्टरी उत्पन्नातून पडली. एका तपात १८७ लाखांवरून २१३ लाखांवर जाणे ही आधीच्या मानाने मंद चाल आहे. उत्पन्नवाढीचे श्रेय बियाण्याला बरेच द्यावे लागेल. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने तयार केलेल्या ‘पुसा रूबी’ या वाणाने एका पिढीची बाजारपेठ सांभाळली. १९८८ च्या नव्या बियाणे धोरणाने भाजीपाल्याच्या बियाण्यांची आयात सुलभ केली व संकरित वाणांचा प्रसार झपाट्याने झाला. जाड सालीचे, ट्रकमधून हजार मैल जाऊनही न फुटणारे फळ त्यातून मिळाले. चवीविषयी जुन्या माणसांचे मत वेगळे आहे, आणि ते सर्वस्वी चुकीचे म्हणता येणार नाही. जोडीला ठिबक सिंचन आले, रोपवाटिकेतली तयार रोपे आली, आणि झाड जमिनीवर लोळू न देता तारकाठीवर बांधण्याची पद्धत आली. पीक वाढले, तसा एकरी खर्चही वाढला.

आता वार्षिक आकडा बाजूला ठेवून महिन्यांकडे वळले म्हणजे चित्र पालटते. देशाच्या उत्पादनाचा फार मोठा भाग रब्बी हंगामातला असतो. मध्य प्रदेश, गुजरात, ओडिशा, आंध्र प्रदेश, कर्नाटक अशा अनेक राज्यांचा माल डिसेंबर ते फेब्रुवारीत एकदम बाजारात येतो. उन्हाळा तापू लागला की फुले गळतात आणि उत्तरेकडील मैदानी मुलखातला माल संपत जातो. मग देशाची भिस्त मोजक्या टापूंवर राहते : जुन्नर तालुक्यातील नारायणगाव, कर्नाटकातील कोलार, आंध्रातील मदनपल्ले, हिमाचलातील सोलन. नाशिक जिल्ह्यातील पावसाळी लागवडीचा माल ऑगस्टअखेरीपासून पिंपळगाव बसवंतच्या बाजारात येऊ लागतो. म्हणजे जुलै-ऑगस्टच्या त्या आठवड्यांत दिल्लीपासून चेन्नईपर्यंतच्या शहरांना चार-पाच टापू पुरे पडावे लागतात. त्यांतल्या दोघांवर एकाच वेळी रोग किंवा अतिवृष्टी ओढवली, तर वर्षाचे २०० लाख टन त्या घडीला कोणाच्याही उपयोगाचे नसतात.

कांदा चाळीत राहतो, बटाटा शीतगृहात राहतो. टोमॅटोला यांपैकी कोणताच आसरा नाही. हिरवट फळ फार थंडीत ठेवले तर ते नीट पिकतच नाही. लुधियानाच्या काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, काढणीपासून विक्रीपर्यंत सुमारे १२ टक्के टोमॅटो वाया जातो असे आढळले.

२०२३ साल या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. त्या वसंतात महाराष्ट्रात भाव इतके उतरले होते की, अनेकांनी पुढच्या लागवडीकडे पाठ फिरवली. पाठोपाठ कोलारच्या पिकावर पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणुरोग आला आणि हिमाचलात पावसाने रस्ते तोडले. जुलैत कित्येक शहरांत किरकोळ भाव किलोला २०० रुपयांपलीकडे गेला. १४ जुलैपासून केंद्र शासनाने सहकारी संस्थांमार्फत दिल्ली व अन्य शहरांत ९० रुपयांनी टोमॅटो विकला. पुढे तो दर उतरवत २० ऑगस्टला ४० रुपयांवर आणला. नेपाळहूनही माल आणावा लागला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या ग्राहक निर्देशांकात टोमॅटोचा वाटा जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. तरीही जूनमध्ये ५ टक्क्यांहून कमी असलेली महागाई जुलैत ७.४४ टक्क्यांवर जाण्यात त्याचा हात मोठा होता.

जुलैचा भाव पाहून ज्यांनी रोपे लावली, त्यांचा माल सप्टेंबरात एकदम आला. नाशिक भागात तो किलोला तीन ते पाच रुपयांवर घसरला आणि शेतकऱ्यांनी जाळ्या रस्त्यावर ओतल्या. वीस किलोंच्या जाळीला मिळणाऱ्या त्या पैशांत तोडणीची मजुरी व गाडीभाडेही सुटत नव्हते. तीन महिन्यांपूर्वी ज्या गृहिणीने आमटीतून टोमॅटो वगळला होता, तिला या उलथापालथीचा लाभ मिळाला खरा, पण तो कोणाच्या पदरचा होता हे उघड आहे.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासाप्रमाणे ग्राहकाच्या रुपयातले सुमारे ३३ पैसे टोमॅटो पिकविणाऱ्याच्या हाती पडतात. बाकीच्यात वाहतूक, नासाडी, हमाली, अडत आणि मधल्यांचा नफा येतो. नासाडीची धास्ती जेवढी मोठी, तेवढा प्रत्येक जण आपला गाळा वाढवून ठेवतो. सगळा दोष व्यापाऱ्याच्या लोभावर टाकल्याने हिशेब जुळत नाही.

२०१८-१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा व बटाटा यांसाठी ५०० कोटी रुपयांची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ ही योजना जाहीर झाली. वाहतूक, साठवण व प्रक्रिया यांना साहाय्य देण्याचा तिचा हेतू रास्त होता. परंतु प्रक्रियेच्या वाटेवर एक जुनी अडचण आहे. कारखान्याला दाट गराचे, कमी पाण्याचे फळ एका ठरीव भावाने महिनोन् महिने हवे असते. शेतकरी लावतो तो ताज्या बाजारासाठीचा वाण. भाव चढा असला की करार बाजूला सारून गाडी बाजाराकडे वळते, आणि तो पडला की सारा गाव कारखान्याच्या दारात उभा राहतो. त्या दिवशी कारखान्याच्या यंत्रांना तेवढा माल पेलत नाही.